मधला नट सोडून बाकी सगळं खोला

प्रश्न : माझी २००७ ची वॅगन आर आहे, एमएच-०४ पासिंग, एक लाख वीस हजार किलोमीटर झालेत. रोज घोडबंदर रोडने वागळे इस्टेटला येणं-जाणं. पावसाळा संपल्यापासून गाडी पुढून होडीसारखी डुलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते आणि स्पीडब्रेकरवरून उतरली की धाडकन आवाज. मेकॅनिक म्हणतो पुढचे शॉकअप गेले. मला हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करायचंय, पान्यांचा सेट आहे, इंजिन ऑइल, ब्रेकपॅड मीच बदलतो. जमेल का? आणि डाव्या बाजूचाच जास्त गळतोय तर तेवढा एकच बदलला तर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जमेल की. ब्रेकपॅड स्वतः बदलणाऱ्याला यातलं नव्वद टक्के काम जड नाही. उरलेलं दहा टक्के मात्र घरी करायचंच नाही, आणि ते नेमकं कुठलं हे सांगण्यातच माझं अर्धं उत्तर जाणार आहे, तर जरा धीर धरा.

आधी मेकॅनिक म्हणाला म्हणून पार्ट आणायला पळू नका. गाडी सपाट जागी उभी करून बोनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दोन-तीनदा जोर द्या आणि सोडा. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येते आणि तिथेच थांबते, गेलेला असेल तर वर-खाली, वर-खाली करत राहते. मग चाकाच्या आत टॉर्च मारून बघा. शॉकअपच्या नळीवर हलकासा ओलसरपणा आणि त्यावर धूळ, एवढ्यावरून तो गेला असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका, खालपर्यंत तेलाचा ओघळ दिसला पाहिजे. टायरवरूनही तळवा फिरवा, रबरात थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्याला धरून न चालता उड्या मारत होतं असं समजा. तुमचा तो धाडकन आवाज बहुतेक बम्प स्टॉपचा, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर जो स्पंजासारखा ठोकळा असतो ना, तो जुन्या गाडीत झिजून पार भुगा होतो आणि मग लोखंडावर लोखंड आपटतं.

एकच बदलायचं डोक्यातून काढा. एक बाजू ताठ आणि एक ढिली अशी गाडी पावसात गायमुखच्या उतारावर ब्रेक मारल्यावर कुठल्या बाजूला ओढेल याचा भरवसा नाही. जोडीच बदलायची.

आता मुख्य भानगड. ॲम्बेसेडर ज्यांनी चालवली त्यांना आठवत असेल, तिला पुढे स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई, आणि शॉकअप वेगळा, नट काढले की शॉकअप हातात. तुमच्या गाडीत तसं नाही. आपण शॉकअप म्हणतो खरं, पण तो मॅकफर्सन स्ट्रट आहे, अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात काढलेली युक्ती, आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० पासून घरोघरी पोचली. यात शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाला वरून धरून ठेवणारा खांब हे सगळं एकच. जागा वाचते, पैसे वाचतात, पण त्यामुळे शॉकअप बदलायचा म्हणजे स्प्रिंग उतरवावी लागते, आणि ही स्प्रिंग गाडी जॅकवर घेतली तरी दाबलेलीच असते. तुमच्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो, तो पेलणारी स्प्रिंग आहे ती, खेळण्यातली नाही.

बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना घुमटासारखे दोन भाग दिसतात. त्यावर कडेला दोन-तीन नट आणि बरोब्बर मध्ये एक नट. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट स्प्रिंगला आत दाबून धरतो. कडेचे तुम्ही खोला, मधल्याला हात लावायचा नाही, थोडा सैल करून बघतो असंसुद्धा नाही. मी शिकाऊ असताना आमच्या गॅरेजात एका पोराने घाईत हाच नट सोडला, स्प्रिंग आणि वरची वाटी थेट छपराच्या पत्र्याला भोक पाडून गेली. पोराचं डोकं जरा बाजूला होतं, एवढंच नशीब.

तर माझं म्हणणं असं, की स्ट्रट घरी उतरवा, दोन्ही एका गोणीत घाला, सोबत नवे शॉकअप, नवे बम्प स्टॉप, डस्ट कव्हर, माउंटिंग आणि बेअरिंग घ्या आणि रिक्षाने सरळ सस्पेन्शनचं काम करणाऱ्या एखाद्या दुकानात जा जिथे स्प्रिंग दाबायचं पक्कं बसवलेलं मशीन आहे, वागळे इस्टेटच्या बाजूला विचारलंत तर सापडेल. ऑनलाइन स्प्रिंग दाबायचे ते दोन हुकवाले स्वस्तातले कॉम्प्रेसर मिळतात, ते घेऊ नका. हुक सरकला की काय होतं ते वर लिहिलंय.

उतरवतानाच्या दोन-चार गोष्टी. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि घोड्यांखाली (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) जाड प्लायची फळी घाला नाहीतर ब्लॉक खचतो, आणि गाडी जॅकवर ठेवून आत हात घालायचा नाही, घोड्या लावायच्याच, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल करून घ्या, १९ ची गोटी (सॉकेट) लागेल. ब्रेकचा होज स्ट्रटच्या क्लिपमध्ये अडकवलेला असतो तो आधी सोडवा. मग खालचे दोन मोठे बोल्ट, ज्यांनी स्ट्रट नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, जोडलेला असतो, त्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, आपल्या खाडीकाठच्या हवेत ते असे धरलेले असतात की पाना वाकेल. काढायच्या आधी स्ट्रट आणि नकल दोघांवर मार्करने खूण करा, कारण चाकाचा उभा कोन तिथेच ठरतो. आणि बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो, त्याला तारेने किंवा सुतळीने वर बांधून ठेवा, लोंबकळू दिलात तर होज ताणला जातो आणि कधीकधी ॲक्सलचा आतला जॉइंट सुटतो, मग शॉकअपचं काम राहतं बाजूला आणि गिअर ऑइल पार्किंगभर.

नवा शॉकअप आणताना डबा बघून घ्या, नकली माल भरपूर आहे. गॅब्रिएल आपल्याकडे १९६१ पासून आहे, पहिला कारखाना आपल्या शेजारी मुलुंडलाच होता, तुमच्या गाडीचे त्यांचे बहुतेक सहज मिळतील. बसवण्याआधी उभा धरून दांडा तीन-चारदा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे आतली हवा निघते. चकचकीत दांडा पक्कडीत धरू देऊ नका, दुकानातल्या पोरालाही नाही, एक ओरखडा पडला की सील फाटतं आणि सहा महिन्यांत पुन्हा तेल. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत टेकलंय ना ते तुमच्यासमोर बघून घ्या. मधला नट नवाच वापरायचा.

परत बसवताना वरचे कडेचे नट आधी हाताने, मग खालचे बोल्ट खुणेवर आणून टॉर्क पान्याने मॅन्युअलप्रमाणे, वरचे शेवटी गाडी जमिनीवर टेकल्यावर पक्के. खूण जुळवली तरी अलाइनमेंट करायलाच हवं. पन्नासेक किलोमीटर चालवून चाकांचे नट पुन्हा एकदा बघा.

रविवार अख्खा लागेल हो, दोन तासांत होतं म्हणणाऱ्यांचे बोल्ट गंजलेले नसतात. आणि वॉचमनला सांगून ठेवा, चाकं काढलेल्या गाडीखाली बॉल गेला की पोरं आत शिरतात.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमधून पुढचे शॉकअप बदलून घेतले. गाडी आता छान बसते पण पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून टंग असा आवाज येतो आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग पूर्वीसारखं आपोआप सरळ होत नाही. गॅरेजवाला म्हणतो नवीन आहे, बसेल हळूहळू. – एक वाचक, सानपाडा

उत्तर : ताई, ते बसणार नाही. शॉकअप नवे घातले पण वरची बेअरिंग जुनीच ठेवलेली दिसते. स्टिअरिंग फिरलं की अख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट फिरतो आणि तो ज्यावर फिरतो ती ही बेअरिंग. ती जाम असली की स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते, तो टंग. कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही चाकाच्या वरून आत हात घालून स्प्रिंगवर हलकाच ठेवा, झटका हाताला कळेल, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका फक्त. स्प्रिंग खाचेत नीट बसली नसेल तरी असाच आवाज येतो. दोन्हीसाठी स्ट्रट परत उतरवावा लागतो. बेअरिंग तशी स्वस्त, पण मजुरी दुसऱ्यांदा भरायची नाही, जुनी का ठेवली ते विचारा.

प्रश्न : शॉकअपमध्ये तेल भरून रिपेअर करून देणारा भेटलाय, नव्याच्या पाव किमतीत. करून घेऊ? – एक वाचक, कळवा

उत्तर : नको. हल्लीचे शॉकअप सीलबंद असतात, बऱ्याचशांत नायट्रोजन असतो. त्याला भोक पाडून कुठलं तरी तेल भरलं की चार दिवस ताठ लागतं, मग पुन्हा तेच. पूर्वी काही गाड्यांचे स्ट्रट वरून खोलून आतलं काडतूस बदलता यायचं, तो प्रकार वेगळा. पैशांची अडचण असेल तर महिनाभर हळू चालवा आणि नवी जोडीच घाला.