म्हापशाहून वर्षाला तीन-चारदा मुंबई-पुणे विमानाने जातो. फ्रीक्वेंट फ्लायर पॉइंट्सच्या मागे लागावं का?

खातं उघडा, मागे लागू नका. हे पॉइंट्स म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशांना देते ते गुण; साठले की त्यांवर तिकीट मिळतं. खातं फुकट असतं, दहा मिनिटांचं काम. पण पॉइंट्ससाठी सोयीचं विमान सोडून महागडं तिकीट काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पूर्वी किती मैल उडालात त्यावर पॉइंट्स मिळायचे, आता बहुतेक ठिकाणी किती पैसे मोजलेत त्यावर. एअर इंडियानेही 2024 मध्ये हीच पद्धत आणली. गोवा-मुंबईचं स्वस्तातलं तिकीट काढणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे चिल्लर येते. शिवाय ‘फुकट’ तिकिटावरही कर आणि शुल्क खिशातूनच भरावं लागतं.

माझंच सांगतो. एका कंपनीचे पॉइंट्स दोन वर्षं जपले. चतुर्थीला मुंबईहून घरी यायला वापरू म्हटलं, तर त्या आठवड्यात पॉइंट्सवरची एकही सीट नाही! दिवाळीपर्यंत थांबलो, तोवर निम्म्यांची मुदत संपली. शेवटी मांडवी एक्स्प्रेसने आलो, ते बरंच झालं म्हणा.

फायदा होतो तो ऑफिसच्या पैशांनी सतत उडणाऱ्यांना, नाहीतर आखात-युरोपला जाणाऱ्यांना. तुमचा कोणी दुबई-कतारला असेल तर त्याला नक्की खातं काढायला सांगा.

तुम्ही मात्र आधी मोपा आणि दाबोळी या गोव्यातल्या दोन्ही विमानतळांचे दर बघा, टॅक्सीचं भाडं धरून. म्हापशाहून मोपा जवळ. दाबोळीचं तिकीट पाचशेने स्वस्त दिसलं तरी ते पैसे टॅक्सीवालाच नेतो.