जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यांचा प्रवाह, शेकडो वर्षांपूर्वी कुठून वाहत होती, हे कसं कळतं?
झाडांच्या खोडातून! इतक्या उंचावरचे वारे फुगे सोडून मोजायला लागलो ते विसाव्या शतकात. त्याआधीचं उत्तर अटलांटिकपुरतं सांगतो. ऑगस्टमध्ये हा प्रवाह दक्षिणेकडे सरकला की ब्रिटनमध्ये गारवा आणि पाऊस, आग्नेय युरोपातल्या बाल्कनमध्ये कडक ऊन. उत्तरेला गेला की नेमकं उलट. उन्हाळा थंड गेला की स्कॉटलंडच्या पाइन झाडांच्या खोडातलं त्या वर्षीचं वाढीचं वलय कमी दाट बनतं, तेव्हाच बाल्कनच्या पाइनचं जास्त दाट. दोन्हीकडची वलयं जुळवत संशोधक १७२५ पर्यंत मागे गेले. प्रवाह तेव्हाही वर-खाली सरकत होताच, पण १९६० च्या दशकापासून त्याचे हेलकावे मोठे झालेत. ही खरी काळजीची गोष्ट आहे: तो टोकाला गेला की एकीकडे पूर, तर दुसरीकडे उष्णतेची लाट आणि वणवे.