वाचकांचे प्रश्न: वायरची राख, परसातली अंडी आणि जुनं ट्रान्सफॉर्मर ऑइल

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेली ही पत्रं एकाच काळजीची आहेत. कारखान्यातून, भंगारातून सुटलेली आणि वर्षानुवर्षं न कुजणारी रसायनं ताटापर्यंत येतात कशी, आणि त्यांना अडवायचं कुठे?

प्रश्न: घरामागच्या मोकळ्या जागेत एक भंगारवाला केबलच्या वायरी जाळून तांबं काढतो. राख तिथेच पडते, आमच्या गावरान कोंबड्या तिथेच चरतात. धूर आला की खिडक्या लावून घेतो. अंडी नातवंडं रोज खातात. नीट उकडली तर चालतील ना?
– एक आजी, मच्छे

उत्तर: नाही आजी, उकडून काही होत नाही. खिडक्या लावता ते बरोबर, धूर वाईटच. पण त्याहून जास्त काळजी त्या राखेची करा.

वायरीचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं, आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाच्या निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. उघड्यावर ते धुमसत जळतं आणि आतलं तांबं रासायनिक क्रियेला वेग देतं. २०० ते ६०० अंशांच्या दरम्यान अशी आग रेंगाळली की डायॉक्सिन आणि फ्युरान ही न कुजणारी, अतिविषारी रसायनं तयार होतात. ती नष्ट व्हायला धूर ८५० अंशांच्या वर किमान दोन सेकंद राहावा लागतो. उघड्या ढिगाऱ्यात ते शक्य नाही.

डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते मातीच्या कणांना चिकटतं आणि वरच्या थरात दहा-पंधरा वर्षंही टिकतं. मोकळी कोंबडी दाणे टिपताना रोज दहा-वीस ग्रॅम माती सहज गिळते. त्या मातीतलं डायॉक्सिन तिच्या चरबीत साठतं आणि बलकात उतरतं. युरोपात अंड्यातल्या चरबीच्या ग्रॅममागे २.५ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) डायॉक्सिन ही मर्यादा आहे. समजा तुमच्या अंड्यात ते १० आहे. एका अंड्यात साधारण पाच ग्रॅम चरबी, म्हणजे ५० पिकोग्रॅम पोटात गेलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली शरीराच्या किलोमागे आठवड्याला २ पिकोग्रॅम ही सहनमर्यादा ठरवली. १५ किलोच्या नातवाला ती ३० पडते. एकाच अंड्यात ती ओलांडली. त्यानं मूल लगेच आजारी पडत नाही. पण या गटातलं सर्वांत विषारी डायॉक्सिन माणसाच्या शरीरात निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात, म्हणून रोजचं थोडं थोडं साठत जातं.

आता काय करायचं ते सांगतो. त्या जागेतल्या कोंबड्यांची अंडी मुलांना आजपासून बंद करा. कोंबड्या जाळी मारून वेगळ्या करा, खाली फरशी घाला किंवा बाहेरून आणलेला स्वच्छ मुरूम वीतभर जाडीचा पसरा. दाणे जमिनीवर न उधळता भांड्यात द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: कोंबड्या कोंडतात, पण त्याच मातीवर. जागा बदलल्यावर अंड्यातलं प्रमाण निम्म्यावर यायला महिना-दोन महिने लागू शकतात, म्हणून निदान चार-पाच महिने थांबा. तोवर दुकानातली पोल्ट्रीची अंडी द्या. त्या कोंबड्यांचा मातीशी संबंध येत नाही.

राख कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, हातमोजे आणि मास्क घालून, वरच्या चार बोटं मातीसकट जाड पोत्यात भरा. उकिरड्यात, शेणखतात किंवा ओढ्यात अजिबात टाकू नका. पोती झाकून ठेवा, आणि जाळणं व राख या दोन्हींची लेखी तक्रार ग्रामपंचायतीकडे व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात द्या. भंगारवाल्याशीही बोला. सोलून काढलेल्या चकचकीत तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि वायर सोलायचं हातयंत्र मिळतं. त्याचं पोट त्यावर आहे. पर्याय न देता नुसतं भांडलात तर तो चार घरं पलीकडे जाळेल.

एक तपासणी मात्र लगेच करून घ्या. पीव्हीसी केबलमध्ये बऱ्याचदा शिशाची संयुगं वापरलेली असतात, ती राखेत उरतात. डायॉक्सिनची चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि ती महाग आहे. नातवंडांच्या रक्तातल्या शिशाची चाचणी मात्र मोठ्या लॅबमधून होते, ती करा. डेसीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर संपर्क कुठून होतोय ते शोधून तोडायलाच हवा.

प्रश्न: बंद कारखान्याच्या लिलावातून जुनं ट्रान्सफॉर्मर ऑइल मिळालं. वेल्डिंग मशिनमध्ये घालतो. वडील गुडघ्याला चोळतात, आराम पडतो म्हणतात. धोका आहे का?
– फॅब्रिकेशन व्यावसायिक, खानापूर

उत्तर: वडिलांचं चोळणं आजच थांबवा. जुन्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, हेही क्लोरीनचं न कुजणारं विषारी रसायन) असू शकतं आणि ते कातडीतून आत जातं. १९६८ साली जपानात राइस ब्रॅन तेलाच्या कारखान्यातल्या गळक्या नळीतून पीसीबी खाद्यतेलात झिरपलं आणि हजारो लोकांना त्रास झाला. १९७९ मध्ये तैवानात तेच घडलं. भारतात २०१६ च्या आदेशानं पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद झाली, आणि वापर संपवायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठरली.

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चार थेंब टाका. शुद्ध पीसीबीचं तेल पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, ते बुडतं. साधं खनिज तेल तरंगतं. बुडालं तर डबा घट्ट बंद करा. तरंगलं तरी निर्धास्त होऊ नका: किलोमागे ५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि त्याच्या कितीतरी पट पीसीबी मिसळलेलं खनिज तेलही तरंगतंच. तेल गाळायचं यंत्र एका ट्रान्सफॉर्मरवरून दुसऱ्याला लावलं की चांगलं तेलही बाटतं. खात्री हवी तर नमुना बेंगळुरूच्या सीपीआरआय या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेकडून तपासून घेता येतो. तांब्याची तार तेलात बुडवून ज्योत हिरवी होते का ते बघण्याची पद्धत घरी करू नका, त्या धुरातच विष तयार होतं. हे तेल भट्टीत जाळू नका, धूळ बसावी म्हणून अंगणात ओतूही नका. जुने फुगलेले, ओघळणारे कपॅसिटरही फोडू नका.

प्रश्न: वखारीत आजोबांच्या काळातलं बीएचसी पावडरचं अर्धं पोतं आहे. उसातल्या हुमणीला टाकून संपवू का?
– शेतकरी, निपाणी

उत्तर: नको. बीएचसी या क्लोरीनयुक्त कीटकनाशकावर १९९७ साली बंदी आली, पुढे त्याचंच शुद्ध रूप असलेलं लिंडेनही गेलं. त्या पावडरीत कीड मारणारा गॅमा भाग शेकडा १० ते १५ एवढाच. बाकीचा ओझ्यासारखा जमिनीत पडून राहतो, आणि त्यातला बीटा प्रकार शरीरात वर्षानुवर्षं टिकतो. पोतं न उघडता जाड प्लॅस्टिक पिशवीत, मग झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. धान्य, पेंड, विहीर यांपासून लांब. ड्रमवर ठळक लिहा आणि रयत संपर्क केंद्राला कळवा. हुमणीसाठी वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ-कडुनिंबावर जमणारे भुंगेरे झाडं हलवून गोळा करा, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवा. शेणखतातून मेटारायझियम ही हुमणी मारणारी बुरशी द्या. ज्या वावरात पूर्वी हे पोत्यानं पडलं, तिथे भोपळा लावू नका. भोपळ्याच्या कुळातली काही पिकं अशी रसायनं मुळातून वर ओढतात. बहुतेक पिकांत ती इतकी चढत नाहीत. गाजर-मुळ्याची साल मात्र जाड काढा.

प्रश्न: ही विषं आईच्या दुधात उतरतात असं वाचलं. बाळाला पाजू की नको?
– एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर: पाजा, ताई. उतरतात हे खरं, पण जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असाच आहे. त्याचे फायदे यापेक्षा मोठे आहेत. घरातल्या दुधाचा उगम मात्र बघा. ही रसायनं स्निग्धांशात राहतात, म्हणजे एक लिटर म्हशीच्या दुधातली बहुतेक त्याच्या साठ-सत्तर ग्रॅम तुपात येतात. कचऱ्याच्या ढिगावर चरणाऱ्या जनावराचं दूध-तूप टाळा.

प्रश्न: नॉनस्टिक तव्यातली 'कायमची रसायनं' पाणी उकळून जातात का?
– वाचक, चिकोडी

उत्तर: नॉनस्टिक थर बनवताना वापरली जाणारी ही न कुजणारी रसायनं (पीएफएएस) पाण्यातही सापडतात. उकळून ती जात नाहीत, वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात ती उलट दाट होतात. आरओ आणि चांगला कार्बन फिल्टर ती बऱ्याच अंशी अडवतात, पण काडतूस वेळेवर बदललं तरच. तवा रिकामा तापत ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे थर खराब व्हायला लागतो. ओरखडे पडले असतील तर बिडाचा घ्या.