बाल्कनीतला आर्टिचोक: पानं भरपूर, कळी कुठे?

प्रश्न : ताई, लेकीने 'ग्रीन ग्लोब' आर्टिचोकचं बी मागवून दिलंय. मुलुंडला आमची पूर्वेची बाल्कनी आहे. मुंबईत हे येईल का? पेरू कधी?

झाड नक्की येईल. कळी येईल असं वचन मात्र मी देणार नाही, आणि या भाजीत खायची असते ती कळीच.

आर्टिचोक मूळचा भूमध्य समुद्राच्या काठचा. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे बरोबर उलटं. शिवाय कळी धरण्याआधी रोपाला थंडी लागते, साधारण १० अंशांखालचे निदान अडीचशे तास. आपल्या जानेवारीच्या रात्री सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतात, म्हणजे ती थंडी मुंबईत मिळतच नाही.

म्हणून ती फ्रीजमधून द्यायची. ऑगस्टच्या सुरुवातीला बी रात्रभर भिजवा, ओलसर वाळूत मिसळून डब्यात भरा आणि चार आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नको. वाळू सुकू द्यायची नाही. गणपतीच्या सुमारास बी छोट्या कपांत पेरा, पावसाच्या माऱ्यापासून आडोसा द्या. ऑक्टोबरअखेर रोपं मोठ्या कुंडीत हलवा. तोवर दुपारच्या उन्हापासून जपा, कारण कोवळ्या रोपाला लगेच कडक उष्णता लागली तर थंडीचा परिणाम पुसला जातो. ऑक्टोबर हीटमध्ये बरेच जण इथेच फसतात.

'ग्रीन ग्लोब'ला थंडी जास्त लागते. पुन्हा बी घ्याल तेव्हा 'इम्पिरियल स्टार' घ्या, तो वाण बियाण्यापासून पहिल्याच वर्षी कळी यावी म्हणून कॅलिफोर्नियात तयार केलेला आहे. कुंडी किमान ५० लिटरची हवी. पूर्ण वाढलेलं झाड तीन-चार फूट उंच आणि जवळपास तेवढंच रुंद होतं. ओल्या मातीसकट कुंडी पन्नासएक किलोंवर जाते, तेव्हा ग्रिलवर नाही, स्लॅबवरच ठेवा. पूर्वेचं ऊन जेमतेम तीन-चार तास मिळतं, याला सहा हवेत. सोसायटीची परवानगी मिळाली तर गच्ची उत्तम.

प्रश्न : बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या बाजूला राहतो. 'इम्पिरियल स्टार'ची पानं दोन फुटांची झालीत, मार्च आला तरी कळी नाही. जिबरेलिक अ‍ॅसिड फवारू का?

तुमच्याकडे रात्री शहरापेक्षा गार असतात, तरी पुरेशा नाहीत. जिबरेलिक अ‍ॅसिड हे वनस्पतींच्या वाढीचं संप्रेरक, त्याने थंडीची उणीव काही अंशी भरून निघते हे खरं. नाशिककडचे द्राक्षबागायतदार ते द्राक्षाला वापरतात, आर्टिचोकच्या शेतीतही वापरतात. पण मात्रा असते २० पीपीएमच्या घरात, म्हणजे लिटरभर पाण्यात फक्त २० मिलिग्रॅम. घरच्या काट्यावर ते मोजता येत नाही. जास्त झालं की कळ्या लांबट, वेड्यावाकड्या होतात. एका कुंडीसाठी मी हे करणार नाही. शिवाय मार्चमध्ये वेळही टळून गेली.

मी स्वतः दोन वर्षं नुसती पानंच वाढवली. तिसऱ्या वर्षी, बी फ्रीजमध्ये ठेवल्यावर, फेब्रुवारीत एक कळी आली, मोसंबीपेक्षा लहान. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बाल्कनीत बोलावून दाखवली होती. तुम्ही यंदा नायट्रोजनचं खत थांबवा आणि ऑगस्टमध्ये नव्या बियाण्याने सुरुवात करा.

प्रश्न : मागच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर झाड बुंध्याशी काळं पडून आडवं झालं. वासही येत होता. कुठे चुकलं?

बुंधा कुजला. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलण्यासाठी हे झाड बनलेलंच नाही. पुढच्या वेळी मातीत तिसरा हिस्सा तरी जाडसर वाळू किंवा परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके पांढरे दाणे) घाला, खाली बशी ठेवू नका, बुंधा मातीच्या पातळीपेक्षा थोडा वर राहील असं लावा. पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. मुंबईत आर्टिचोक एका हंगामाचं झाड समजा. मे महिन्यात काढून टाका, ती कुंडी पावसाळ्यात अळू किंवा आंबेहळदीला द्या.

पानांच्या बेचक्यात मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटमधून एक आणला. आत केसच केस. खायचं काय?

केळफूल सोलता येतं ना? मग हेही जमेल. वरचा शेंडा कापा, बाहेरचे राठ पापुद्रे काढा. केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतो तसा हा लिंबाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळा पडतो. अर्धा-पाऊण तास वाफवा. पापुद्रा सहज सुटून आला की शिजला. प्रत्येक पापुद्र्याच्या बुडाशी असतो तेवढाच गर दातांनी ओढून खायचा. मधले केस चमच्याने खरवडून टाका, ते घशात अडकतात. त्याखालची वाटी म्हणजे खरा ऐवज. लोणी-लसूण लावा, किंवा मी करते तशी ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून परता. खाल्ल्यावर पाणी गोडसर लागलं तर घाबरू नका, आर्टिचोकमधल्या सायनारिन नावाच्या घटकामुळे तसं होतं.

प्रश्न : 'जेरुसलेम आर्टिचोक'चे कंद मिळाले. तेच का हे?

नाही. तो सूर्यफुलाचा भाऊबंद, खायचा कंद. त्याला कळीसाठी थंडीची वाट पाहावी लागत नाही. निचऱ्याच्या मातीत चार इंच खोल लावा. पहिल्यांदा थोडाच खा, त्यातल्या इन्युलिन नावाच्या, सहज न पचणाऱ्या घटकामुळे पोटात वात धरतो.