बेळगावकडे हिवाळ्यात पहाटे हवा धुरकट का होते?

बेळगावात दिल्लीएवढी वाहने नाहीत, पलीकडे खानापूरचे जंगल आहे, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुराचा वास का येतो आणि मुलांचा खोकला का हटत नाही, असे आपण विचारले आहे. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतण्याच्या कारखान्यात, मी एकोणीस वर्षे काढली आणि घरी दीड एकर ऊस आहे. म्हणजे धूर करणारा आणि धूर खाणारा, दोन्ही मीच.

साखर कारखाने, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या पावसाळा सरल्यावर सुरू होतात, त्यामुळे या दिवसांत धूर वाढतो हे खरे. पण तो साचून राहतो त्याचे कारण वेगळे आहे. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होऊन खाली बसते आणि वरचा उबदार थर तिच्यावर झाकणासारखा राहतो. संध्याकाळी उसाचा पाला पेटवला की धूर झाडाच्या शेंड्याएवढा चढतो, तिथेच आडवा होतो आणि मार्कंडेय नदीच्या काठाने रात्रभर पसरून राहतो. सकाळी नऊ-दहाला ऊन तापल्यावरच तो हटतो.

पाला म्हणजे पुस्तकातील पाचट. तोडणीनंतर खोडवा, म्हणजे त्याच खोडांना फुटणारे पुढचे पीक, ठेवताना तो पेटवून देण्याची आमच्याकडे रीत आहे आणि मीही कित्येक वर्षे तेच केले, कारण गोळा करायला माणसे मिळत नाहीत. हेक्टरी साधारण आठ-दहा टन पाचट निघते. ते जळताना त्यातील बहुतेक नत्र हवेत जाते आणि पुढच्याच महिन्यात आपण युरियाची पोती विकत आणतो. अलीकडे मी ते सरीतच कुजवतो. पहिल्या वर्षी खोडव्याची उगवण विरळ दिसली, शेजारी हसले. पाणी मात्र निश्चित कमी लागले.

वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे कण पडतात आणि बोट लावताच रेघ उमटते, त्याची लोकांना भीती वाटते. ते कण मोठे असल्याने बहुधा नाकाघशातच अडकतात. खरा अपाय डोळ्यांना न दिसणाऱ्या, २.५ मायक्रॉनहून बारीक कणांचा; केसाची जाडी त्याच्या वीस-तीस पट असते. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात, काही रक्तातही मिसळतात, म्हणून दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. त्यांची चोवीस तासांची सरासरी भारतीय मानकानुसार घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती मर्यादा १५ सांगितली. फाउंड्रीतील वाळूची धूळ याहून निराळी: तिच्यातील सिलिकाने फुप्फुसाला एकदा घट्टे पडले की ते परत मऊ होत नाही. आम्हांला कापडी मास्क मिळत, ते या धुळीला अडवत नाहीत, हे मला फार उशिरा कळले.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात खराब हवेची शहरे म्हणून कर्नाटकातून बंगळूर, दावणगेरे, कलबुर्गी आणि हुबळी-धारवाड यांची नावे आली, बेळगावचे नाही. त्या यादीवरून आपल्या अंगणातील पहाटेची हवा ठरवता येत नाही.

मुलांच्या खोकल्यासाठी तीन आठवडे वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि मैदानावरचा सराव नऊनंतर ठेवा. पण त्याआधी न्हाणीची चूल पाहा. आमच्याकडे थंडीत पहाटे पाच वाजता पाणी तापवायला ती पेटते, आणि लाकूड दमट असले की आग धरण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा आत जातो. कारखान्याची चिमणी दोन-तीन मैलांवर असते, ही चूल मूल झोपते त्या खोलीच्या भिंतीला लागून. माझ्या घरी तिच्या जागी गॅसचा बंब बसवायला तीन वर्षे गेली, कारण आईच्या मते चुलीवरच्या पाण्याची ऊब वेगळी.