कामठीचा वाळूखडक पाहायला निघालास, तर आधी हे ऐक

पहिल्याच दिवशी हातोडा काढजो नको. आधी बोट फिरव. काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक, हाताला नुसता दगडच लागतो, या तांबूस खडकाची वाळू बोटाला लागते. नागपूरजवळच्या कामठीवरूनच या थराला नाव पडलं. चंद्रपूरकडे तोच दगडी कोळशाच्या थरांच्या वर बसलेला दिसतो.

आता नाल्याच्या कापलेल्या काठाशी बस, सकाळच्या तिरप्या उन्हात. आडव्या थरांच्या आत तिरप्या रेघा दिसतील. त्या ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला जुनी नदी वाहत होती. रेघा वरून तोडल्यासारख्या आणि खाली बाकदार होत टेकलेल्या असतील, तर थर सुलटा आहे, उलथलेला नाही. एवढं जमेपर्यंत पुढे सरकू नको. मला स्वतःला हे वाचायला दोन उन्हाळे लागले.

बारीक चिकणमातीच्या थरात दगडात उमटलेलं जिभेच्या आकाराचं पान मिळू शकतं, मधे ठळक शीर, बाजूला जाळी. ते ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या नामशेष झाडाचं, साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचं. उपटू नको. शेजारी नाणं ठेवून फोटो काढ, जागा वहीत लिही. जागेवरून हललेलं पान मुकं होतं रे.