एफए, एसए आणि कन्नडचा पेपर

हायस्कूल सुरू झाले की कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातल्या पालकांची पत्रे वाढतात. यावेळी चार निवडली आहेत.

मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. मार्क्स कार्डवर नुसते ए, बी प्लस. आठवीपर्यंत नापास करत नाहीत म्हणतात, मग एवढी काळजी कशाला? – एक आई, खानापूर तालुका

नापास होत नाही, पण मागे राहू शकते की. वर्षात चार एफए (अधूनमधून होणारे छोटे मूल्यमापन) आणि दोन एसए (सत्राच्या शेवटची परीक्षा) होतात. त्यांचे लिहिलेले पेपर शाळेत मागून बघा. उत्तर कुठे अर्धवट सुटले ते पेपरात दिसते, ग्रेडमध्ये नाही. गणितात बीजगणित आठवीतच कच्चे राहिले, तर दहावीत वर्गसमीकरणापाशी पोर अडते.

मुलगा नववीत. प्रोजेक्टसाठी सगळे दुकानातून थर्माकोलची मॉडेले आणतात. आम्ही ऊस पिकवणारी माणसे, किती खर्च करायचा? सर, हे मार्क दहावीत धरतात का? – निपाणी

नववीचे धरत नाहीत. दहावीचे मात्र धरतात, म्हणून सवय आत्ताच लागलेली बरी. दहावीत एक एफए ५० गुणांची असते: १५-१५ गुणांच्या दोन कृती आणि २० गुणांची चाचणी. चार एफएचे २०० होतात, ते २० वर आणतात (पहिल्या भाषेला २५ वर). म्हणजे एका कृतीतले दहा गुण गेले तर शेवटी एकच गुण जातो. त्या एका गुणासाठी चारशे रुपयांचा ताजमहाल?

पैसा घालू नका, कागद घाला. समाजविज्ञानाच्या वहीत मुलाला एक तक्ता करू दे: बेण्याला किती गेले, खताला किती, पाणीपट्टी, तोडणी, आणि शेवटी कारखान्याकडून बिल किती आले. आकडे त्याने तुम्हाला विचारून स्वतःच्या अक्षरात लिहावेत, खाली चार ओळींत फायदा की तोटा ते सांगावे. शिक्षकांनी त्यावर एक प्रश्न विचारला तर तो उत्तर देईल. थर्माकोलवाल्या मुलाला तेच जड जाते. चाचणीच्या २० गुणांना मात्र पर्याय नाही, वाचूनच बसावे लागते.

मुलाला विज्ञानात ऐंशीच्या आसपास, कन्नडात मात्र तिशी-पस्तिशी. दहावीत अडकेल का? – बेळगाव

मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावीची परीक्षा, ६२५ गुणांची. मराठी पहिली भाषा १२५ ची, बाकी पाच विषय शंभराचे. कन्नड दुसरी असो वा तिसरी, लेखी ८० आणि अंतर्गत २०. २०२५-२६ पासून एकूण ३३ टक्के आणि प्रत्येक विषयात ३० टक्के असा नियम आहे. तेव्हा विज्ञानातले ऐंशी कन्नडच्या मदतीला येत नाहीत.

आपली पोरे बाजारात कन्नड फाडफाड बोलतात, कागदावर घसरतात. कन्नडात 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही असतात, दीर्घही. देवनागरीत तो भेद नसल्याने ती डोळे झाकून एकच चिन्ह देतात. दुसरी गफलत अक्षराखाली लागणाऱ्या ओत्ताक्षराची, म्हणजे जोडाक्षराच्या खुणेची. यावर एकच उपाय मला कामाचा वाटतो: रोज पुस्तकातल्या दहा ओळींचे श्रुतलेखन, घरात कुणी कन्नड शिकलेले असेल त्याने सांगायचे, आणि चुकलेला शब्द लगेच पाचदा लिहायचा. ट्यूशनपेक्षा हे स्वस्त. पत्रलेखन आणि निबंध ठरावीक साच्यात बसतात, ते दोन-तीन नमुने पाठ असले की पेपर कोरा राहत नाही. कन्नडवर राग धरून अभ्यास टाळणारे पालकही भेटतात. सीमाप्रश्नाची बाजू कोणतीही घ्या, पेपर मुलालाच लिहायचा आहे.

शिवाय वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात (२०२४ आणि २०२५ मध्ये तीन झाल्या) आणि चांगला निकाल धरला जातो. पण पहिलीवरच भर ठेवा.

चंदगडच्या भावाकडून बालभारतीची गाईडे आणली आहेत. चालतील का? पुढे महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला घालायचा विचार आहे. – बेळगाव तालुका

मराठी व्याकरणापुरती ठीक. इतर विषयांना उपयोग कमी. कर्नाटकाच्या समाजविज्ञानात इतिहास-भूगोलाबरोबर राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययनही येते. गणित-विज्ञान एनसीईआरटीच्या धर्तीचे आहे. शाळेचेच पुस्तक वाचा आणि मागच्या वर्षांचे पेपर सोडवा.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. शाळेच्या रजिस्टरला मातृभाषा 'मराठी' अशी नोंद आहे का, ते हेडमास्तरांना विचारून आत्ताच बघा. टीसी हातात पडल्यावर दुरुस्तीसाठी फार हेलपाटे पडतात.